अर्ध्या तासाचा अलार्म

रशीद, तू गेल्याचा चाळिसावा झाला आणि घर एकदम रिकामं झालं. आता कुणी आलंच तर एकच वाक्य बोलतं, "सुटला बिचारा." मी मान हलवते, चहा ठेवते आणि मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. तुला कुठं सुटायचं होतं? तू पलंगावर पडल्या पडल्या उशांच्या खोळी शिवत होतास, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत होतास, आणि माझा टाका बघून चारचौघांत विचारत होतास की हे शिवलंय की मांजरानं ओरबाडलंय. तुला जगायचं होतं. हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून ते लोक बोलतात तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मला लिहायची सवय नाही. देऊळघाटच्या शाळेत दहावीपर्यंत निबंध लिहिले तेवढेच. पण तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती तोंडानं सांगायला सात महिने मिळाले होते आणि मी सांगितली नाही. तुझं काय झालं हे तुला सगळं माहीत आहे, फक्त तेवढा एक भाग सोडून. तरीही मी पहिल्यापासून सांगणार आहे, कारण एकदम त्या भागावर यायची माझी हिंमत होत नाही.

मी लग्न होऊन खामगावला आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. वर्षभरात अम्मी गेल्या, आणि तुला जेवायला वाढणं, तुझ्या डोक्यातल्या उवा काढणं, शाळेतून आलेल्या तक्रारी तुझ्या भाईजानपासून लपवणं हे सगळं माझ्या गळ्यात पडलं. नात्यानं दीर, पण वाढवलं मी पोरासारखंच. आपलं पिंजाऱ्याचं घर. पुरुषांनी रुई पिंजायची, बायकांनी खोळी शिवायच्या आणि भरलेल्या गादीला दोरे टाकायचे. तू दोन्ही कामं शिकलास आणि दोन्हीत आम्हाला मागे टाकलंस. मी तुझ्यावर जळायचे, हे तुला माहीत होतं.

संग्रामपूरच्या बाजाराला गाद्या घेऊन निघालो की आपल्यातले सगळेच गाडीत वर, गाद्यांच्या थप्पीवर बसतात. तूही बसलास. वळणावर दोरी सुटली. सव्वीस वर्षांचा होतास तू. पाठीचा मणका मोडला, त्याच्या आतला मज्जारज्जू चिरडला, आणि कमरेखालचं अंग तुझं असूनही तुझं राहिलं नाही. गावानं काय म्हणावं? गादीवाला गादीवरून पडला. हा विनोद दवाखान्यात सगळ्यात आधी तूच केलास. मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले.

सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "याला आता दुखणार नाही, हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे." माणूस बसून अवघडला की आपोआप चुळबुळ करतो, तुझं शरीर ती चुळबुळ विसरलं होतं. एकाच जागी वजन राहिलं की तिथलं रक्त थांबतं, मांस आतल्या आत मरतं आणि वरची कातडी काही काळ धड दिसते. निजलेला असलास तर दर दोन तासांनी कूस बदलायची. बसलेला असलास तर दर अर्ध्या तासानं दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं आणि दोन मिनिटं तसंच धरायचं. बसायला कितीही मऊ असलं तरी, असं त्या शेवटी म्हणाल्या होत्या. ते शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. आपल्या घरात ते कुणालाच ऐकू आलं नसतं.

त्यांनी हवेची गादी आणायला लावली तेव्हा घरात केवढा तमाशा झाला. पिंजाऱ्याच्या घरात हवेची गादी म्हणजे हलवायानं बाहेरून पेढे आणण्यासारखं. तुझे भाईजान दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तू तिच्यात हवा भरणाऱ्या पंपाला खाटेखालचा म्हातारा म्हणायचास, कारण तो दिवसभर कण्हायचा. रबरावर झोपून घामोळं येतं, कापूस कधी कुणाला बोचला आहे का, हे तुझं रोजचं होतं. मी बाईंची बाजू घेऊन भांडायचे, पण मनातून तुझंच पटायचं. कापूस बोचत नाही, यावर आपल्या घराची तीन पिढ्यांची भाकरी चालली होती.

बसायच्या वेळेसाठी तू फोनमध्ये अलार्म लावलास, कोंबड्याच्या बांगेचा. दर अर्ध्या तासाला बांग, आणि तू खुर्चीच्या हातांवर जोर देऊन वर. शेजारी म्हणायचे, पिंजाऱ्याच्या घरी दिवसभर पहाटच असते. सहा वर्षं, रशीद. सहा वर्षांत तुझ्या अंगावर एक डाग पडला नाही. बाई तपासायला आल्या की इतर घरच्यांना आपलं उदाहरण द्यायच्या, आणि मी त्या दिवशी जेवणात गोड करायचे.

संशोधनाचं वेड मला लागलं, तुला नाही. माझी लेक रुबीना बुलढाण्याला नर्सिंगला गेली आणि तिच्या फोनवर मी विचारायला लागले, आज काय नवीन सापडलं? ती इंग्रजी वाचून मराठीत सांगायची, मी वहीत लिहायचे. कुठं उंदराच्या पाठीत पेशी सोडल्या आणि तो चालला. कुठं माणसाच्या मज्जारज्जूवर विजेची पट्टी बसवली, ती चालू असताना काही जणांना आधार धरून उभं राहता आलं, पाय हलवता आले. कुठं नुसती कातडीवरून वीज देऊन हाताची पकड सुधारली. तुला वाचून दाखवताना मी 'उंदीर' हा शब्द गाळायचे. 'काही जणांना' हा शब्दही गाळायचे. तू एकदा वही हातात घेतलीस, शांतपणे सगळं वाचलंस आणि म्हणालास, "भाभी, त्या उंदराले कोणी इचारलं काय, बापा, तुले लघवीची खबर लागते का नाही?"

इथूनच आपलं भांडण सुरू झालं आणि ते कधी मिटलं नाही. तुझं म्हणणं, मले चालायचं नाही, मले लघवी-संडासाची खबर पाहिजे, लग्नाच्या पंगतीत बसलो तर भीती वाटायले नको. मला ते खोटं वाटायचं. मला वाटायचं, हा मन मारून बोलतोय. कोणाला चालायचं नसतं? मी तुला भित्रा म्हणाले. एकदा तर आळशीही म्हणाले. तू हसून सोडून दिलंस, पण त्या दिवशी तू माझ्या हातचा चहा घेतला नाहीस.

मग एका मोठ्या शहरातल्या केंद्रातून फोन आला. विजेच्या पट्टीच्या प्रयोगासाठी ते माणसं तपासत होते, रुबीनानं माझ्या सांगण्यावरून तुझी माहिती पाठवली होती. तू साफ नाही म्हणालास. एवढा लांबचा प्रवास, बसून, कशासाठी? मी समजावलं, रडले, आणि शेवटी जे बोलू नये ते बोलले. मी काय जन्मभर तुझ्या कुशी बदलत राहू? असं मी म्हणाले, रशीद. तुझ्या तोंडावर. तू खिडकीकडे बघितलंस, मग म्हणालास, "चाल मंग."

रेल्वेनं जायचं तर जलंबला गाडी बदला, तुला उचलून चढवा, उचलून उतरवा. म्हणून जीप ठरवली. बाईंनी फोनवर बजावलं होतं की हवेच्या कप्प्यांची उशी न्या आणि अलार्म चुकवू नका. पण ती उशी जीपच्या सीटवरून सारखी घसरत होती. तेव्हा तू आणि मी जे केलं ते फक्त आपल्यासारखीच माणसं करतील. दुकानातली सगळ्यात लांब धाग्याची रुई काढली. तू खुर्चीत बसून ती हातानं पिंजलीस, दोनदा. मी खोळ शिवली, दोरे जवळ जवळ टाकले. सीटच्या मापाची अशी गादी झाली की तुझे भाईजान तिच्यावर हात फिरवून म्हणाले, बादशहालाही मिळणार नाही. हवेची उशी आपण मागे सामानात बांधली.

पहाटे फजरची नमाज झाल्यावर निघालो. तू दाढी कोरून घेतली होतीस, नवा शर्ट घातला होतास. इतका नाही-नाही म्हणणारा तू, आणि आदल्या रात्री तुझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. चिखलीच्या पुढे तू मला हळूच विचारलंस की तिथं गेल्या गेल्याच उभं करतात काय. म्हणजे तुलाही हवं होतं. मला तेव्हा एवढा आनंद झाला की मी जिंकले असंच वाटलं. जालन्यापर्यंत प्रत्येक बांगेला तू बूड उचललंस. ड्रायव्हर हसायचा, तुझे भाईजान पुढच्या सीटवर डुलक्या घेत होते. पिंजणाच्या आवाजानं त्यांचे कान केव्हाच गेलेले. जालना मागे पडलं आणि तुझी मान माझ्या खांद्यावर आली. लहानपणी यायची तशी.

आता तो भाग.

बांग वाजली. तू हललास, पण जागा झाला नाहीस. तुझा चेहरा इतका निवांत मी सहा वर्षांत पाहिला नव्हता. मी तुझ्या मांडीवरचा फोन उचलला आणि बांग बंद केली. म्हटलं, झोपू दे थोडा. खाली आपली गादी आहे, आपल्या हातची रुई आहे, काय होणार आहे? अर्ध्या तासानं ती पुन्हा वाजली, मी पुन्हा बंद केली. मग पुन्हा. पाच वेळा, रशीद. मी मोजलं होतं, कारण प्रत्येक वेळी मनात एकदा येऊन गेलंच की उठवावं. प्रत्येक वेळी मी तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि उठवलं नाही. तुझ्या खाली रुई केव्हाच चपटी होऊन, घामानं ओलसर होऊन बसली होती. गादी बसते, हे पिंजाऱ्याच्या सुनेला कोणी सांगायला पाहिजे होतं काय? लोकांच्या बसलेल्या गाद्या फोडून पुन्हा पिंजून देण्यातच माझं आयुष्य गेलं.

तू जागा झालास आणि दचकून फोन बघितलास. "वाजला नाही काय?" मी म्हणाले, वाजला असेल, गाडीच्या आवाजात ऐकू आला नसेल.  तू दोन्ही हात टेकून अंग उचललंस आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ तसाच राहिलास, भरपाई केल्यासारखा.  मी बाहेर उसाचे फड बघत होते.

केंद्रात दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं तुला कुशीवर वळवलं आणि डॉक्टरांना हाक मारली. बसायच्या हाडावर जांभळा डाग होता, तळहाताएवढा. कातडी फुटलेली नव्हती. डॉक्टर भला माणूस होता, खोटी आशा दाखवणारा नव्हता. त्यानं सांगितलं की पट्टी म्हणजे इलाज नव्हे, अजून शिकणं चालू आहे. आणि अंगावर जखम असलेल्या माणसाला प्रयोगात घेता येत नाही. आधी ही भरू द्या, मग या. ज्या जखमेमुळे तुला परत पाठवलं ती त्या दारापर्यंत येतानाच झाली होती. परतीच्या वाटेवर तू जीपमध्ये आडवा होतास. 

डाग आठवड्यात काळा पडला, मग फुटला, आणि आत एवढा खड्डा निघाला की रुबीना, जिचं हेच शिक्षण चाललं होतं, ती मोरीत जाऊन ओकली. तुला पालथं झोपवायला लागलं. अकोल्याला दोनदा भरती केलं, मेलेलं मांस काढलं, पण जंतू हाडात उतरले होते. पालथ्या माणसाला फक्त फरशी दिसते. तुझ्याशी बोलायचं तर मला खाली, खाटेच्या डोक्याशी फरशीवर बसावं लागायचं. सात महिने मी तुझ्याकडे खालून वर बघत बोलले. एवढ्या जवळ तोंड असायचं आपलं, आणि तरी ते माझ्या ओठांवर आलं नाही.

एक दिवस आलं होतं. तुझा ताप उतरलेला, तू बरा बोलत होतास. मी म्हणाले, रशीद, त्या दिवशी गाडीत. एवढंच म्हणाले. तू लगेच म्हणालास, "भाभी, मीच झोपलो. अलार्म वाजला अशीन, मले जाग नाही आली. तुले काऊन वाईट वाटून राह्यलं?" दार तू उघडून दिलं होतंस. मी चहा टाकते म्हणून उठले. चुलीपाशी उभी राहून मी दूध उतू जाऊ दिलं, आणि परत आले ते दुसराच विषय घेऊन.

तू स्वतःला दोष देत गेलास. माझ्यासमोर, भाईजानसमोर, येणाऱ्या जाणाऱ्यासमोर, की सहा वर्षं सांभाळलं आणि एका झोपेनं घात केला. ती झोप तुझी होती, घात माझा होता. कधी मी स्वतःची समजूत घालून बघते की तुला माहीत असेल, मला वाचवायला तू बोलत असशील. पण तू असा साधा होतास की मनात एक आणि ओठांवर एक तुला जमलंच नसतं. तुला माहीत नव्हतं. तू चुकीच्या माणसाला दोषी धरून गेलास.

शेवटच्या दिवसांत तापात तू कुणालाच ओळखत नव्हतास. पण मधूनच दोन्ही हात गादीवर दाबायचास, उचलायचा प्रयत्न करायचास आणि विचारायचास, "अर्धा घंटा झाला काय?" दंडात जोर उरला नव्हता, खांदे नुसते हलायचे. मी म्हणायचे, नाही झाला, झोप. दुसरं काय म्हणू? तू गेल्यावर तुला शेवटची आंघोळ घालायला पुरुष आत गेले. तुझे भाईजान बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी ती जखम बघितली होती. हे लिहिलेलं ते वाचतील तेव्हा काय होईल, याचा विचार मी सोडून दिला आहे.

आणखी एक सांगते, कारण त्यात तू जिंकलास. तू गेल्यावर रुबीनानं मला वाचून दाखवलं की आता संशोधन करणारे तुझ्यासारख्या माणसांनाच विचारतात, तुम्हाला आधी काय पाहिजे? आणि पुष्कळ जण चालण्याच्या आधी लघवी-संडासाचंच सांगतात, ज्यांचे हात गेले ते हात मागतात. विजेच्या पट्टीनं तेवढं जमेल का, हेही कुठं कुठं तपासून बघत आहेत. म्हणजे तू मन मारून बोलत नव्हतास. तू साधं खरं सांगत होतास आणि मी तुझ्या तोंडात माझी इच्छा कोंबत होते. तुला उभं बघायचं होतं ते मला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची खोड माझी, आणि हातचं म्हणजे तू होतास. तू मला भाभी म्हणून जेवढं दिलंस, सासरच्या पहिल्या वर्षी माझ्याबरोबर लपून रडलास, माझं शिवण सुधारलंस, रुबीनाला सायकल शिकवलीस, त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाही. आज बोलते तर ऐकायला तू नाहीस. याचा काही उपयोग नाही, हे मला कळतं.

परवा संग्रामपूरकडच्या एक बाई आल्या. भाजीपाला पिकवणारं घर. नवरा बांधकामावरून पडला, दोन महिने झाले, कमरेखाली काही कळत नाही. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की खामगावला गादीवाल्यांच्या घरी एक बाई आहे, तिच्याजवळ सगळं संशोधन लिहिलेलं आहे. त्यांना एवढंच विचारायचं होतं की कुठल्या शहरात न्यावं. मी सांगितलं, जिथं न्याल तिथं आधी विचारा की हे सिद्ध झालंय की प्रयोग आहे, आणि प्रयोग असेल तर घाई करू नका. मग त्यांना उचलायचं कसं ते करून दाखवलं. मग कूस. मग अलार्म. आणि अलार्मपाशी आल्यावर मला थांबताच येईना. जे तुला सांगितलं नाही, तुझ्या भाईजानना नाही, पोटच्या पोरीला नाही, ते सगळं मी चटईवर बसलेल्या एका अनोळखी बाईला सांगितलं. पाच वेळा, हेसुद्धा.

त्या रडल्या नाहीत, मला धीर दिला नाही. त्यांनी पदराचा काठ बोटाला गुंडाळला. मग विचारलं, "मंग त्यायनं माफ केलं ना ताई तुमाले?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना घरी जाऊन नवऱ्याची कूस बदलायची होती, आणि पुढं कितीतरी वर्षं, दिवसरात्र दर दोन तासांनी बदलायची होती. कधी ना कधी त्यांच्याही हातून चुकणार होतं.

"हाव," मी म्हणाले. "केलं."

रशीद, हे मी तुझ्या वतीनं बोलून बसले. तू काय म्हणाला असतास, मला माहीत नाही.